दुधात पाणी किती? मिश्रणाची गणितं नेमकी कुठे चुकतात आणि ती सोडवायची कशी

४० लिटर दुधाने भरलेला कॅन आहे. त्यातून ४ लिटर दूध काढलं आणि तेवढंच पाणी ओतलं. ढवळलं. मग त्या मिश्रणातून पुन्हा ४ लिटर काढलं, पुन्हा ४ लिटर पाणी ओतलं. असं एकूण तीन वेळा केलं. आता कॅनमध्ये दूध किती?

घाईत डोक्यात येतं ते २८ लिटर. तीनदा चार म्हणजे बारा, चाळीसातून बारा गेले, अठ्ठावीस राहिले. पर्यायांमध्ये २८ असतंही, आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. बरोबर उत्तर आहे २९.१६ लिटर.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची असते आणि वेळ मिळतो ९० मिनिटं. १०० प्रश्न धरले तर एका प्रश्नाला ५४ सेकंद. मैदानी चाचणीत धावून, गोळा फेकून जे गुण कमावले ते इथे एकेका गुणाने निसटू शकतात, कारण गुणवत्ता यादीत एका गुणावर बरीच मुलं उभी असतात. तलाठी, रेल्वे, बँक अशा इतर परीक्षांमध्येही ‘दूध आणि पाणी’ हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतोच.

उंबरमाळी हे मध्य रेल्वेवर कसाऱ्याच्या आधीचं शेवटचं स्टेशन. शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात भरतीची तयारी करायची म्हणजे बऱ्याचदा लोकलचा लांबचा प्रवास आणि मोबाइलवर पाहिलेली ‘ट्रिक’. ट्रिक वाईट नसते. अडचण एवढीच की ती का चालते हे माहीत नसलं, तर प्रश्नातला एक शब्द बदलला की ती उलटी बसते. म्हणून आधी त्यामागचं कारण बघू. ते एकाच प्रश्नात मावतं: या सगळ्या ओतण्या-काढण्यात काय बदललं नाही?

आधी गुणोत्तर म्हणजे काय ते नक्की करू

दूध आणि पाण्याचं प्रमाण ४:१ आहे, म्हणजे चारास एक. याचा अर्थ ४ लिटर दूध आणि १ लिटर पाणी असा नाही. याचा अर्थ ४ भाग दूध आणि १ भाग पाणी. एक भाग म्हणजे पेलाही असेल आणि टँकरही. किती लिटर, हे एकूण माप कळल्याशिवाय सांगता येत नाही.

एकूण भाग झाले ५. मिश्रण ४५ लिटर असेल तर एक भाग ९ लिटरचा. दूध ३६ लिटर, पाणी ९ लिटर. इथपर्यंत कुणी चुकत नाही.

पण ‘मिश्रणात पाणी किती टक्के?’ असं विचारलं की २५ असं उत्तर येतं, कारण चारास एक म्हणजे पाव. खरं उत्तर २० टक्के. पाणी दुधाच्या पाव आहे, मिश्रणाच्या पाव नाही. मिश्रणात पाच भाग आहेत, त्यातला एक पाण्याचा. तुलना कशाशी चालली आहे, दुधाशी की एकूण मिश्रणाशी, हे नीट न बघितल्यामुळे या धड्यातल्या बऱ्याच चुका होतात. तेव्हा प्रश्न वाचताना ‘मिश्रणाच्या’ आणि ‘दुधाच्या’ या शब्दांखाली रेघ मारायची.

पाणी ओतलं, पण दूध तेवढंच राहिलं

याच ४५ लिटरमध्ये किती पाणी घातलं तर प्रमाण ३:२ होईल?

इथे थांबून विचारायचं, काय बदललं नाही? पाणी वाढणार, एकूण मिश्रण वाढणार. दूध मात्र ३६ लिटर होतं आणि ३६ लिटरच राहणार. नव्या प्रमाणात दुधाचे ३ भाग आहेत, म्हणजे एक भाग १२ लिटरचा. पाण्याचे २ भाग, म्हणजे २४ लिटर. आधी ९ होतं, आता २४ हवं. १५ लिटर पाणी घाला. गणित संपलं.

हेच ‘क्ष’ मानून समीकरणाने सुटतं आणि शाळेत तसंच शिकवतात. त्यात गैर काही नाही. फक्त ५४ सेकंदांत समीकरण मांडण्यापेक्षा स्थिर असलेली गोष्ट पकडणं लवकर होतं.

उलट दूध घातलं तर? त्याच ३६ आणि ९ च्या मिश्रणाचं प्रमाण ६:१ करायचं आहे. आता पाणी स्थिर आहे. १ भाग म्हणजे ९ लिटर, ६ भाग म्हणजे ५४ लिटर. दूध ३६ होतं, आणखी १८ लिटर लागेल.

टक्क्यांच्या प्रश्नातही हेच. ३० लिटर मिश्रणात १० टक्के पाणी आहे, ते २० टक्के करायला किती पाणी घालावं लागेल? ‘१० टक्के वाढवायचं, ३० चे १० टक्के ३, म्हणून ३ लिटर’ हे उत्तर मोहात पाडतं. पण पाणी घातल्यावर मिश्रण ३० लिटरचं राहतच नाही, मग ३० चे टक्के काढून काय उपयोग? दूध बघा. दूध २७ लिटर आहे आणि ते बदलणार नाही. नव्या मिश्रणात हेच २७ लिटर ८० टक्के असणार. म्हणजे नवं मिश्रण ३३.७५ लिटरचं. पाणी घालायचं ३.७५ लिटर.

आणि मिश्रणच काढून टाकलं तर? कॅन कलंडला, १० लिटर सांडलं. दूधही कमी झालं, पाणीही कमी झालं. बदललं नाही ते प्रमाण. नीट ढवळलेल्या मिश्रणातून तुम्ही चमचाभर घ्या किंवा बादलीभर, चारास एक असेल तर चारास एकच निघणार. ही बाब साधी वाटते, पण सुरुवातीच्या ४० लिटरच्या प्रश्नाची किल्ली तीच आहे. तिकडे येऊच.

दोन कॅन एकत्र केले तर

सारख्या मापाचे दोन कॅन पूर्ण भरलेले आहेत. पहिल्यात दूध-पाणी ३:१, दुसऱ्यात ५:३. दोन्ही एका मोठ्या भांड्यात ओतले. नवं प्रमाण काय?

३ आणि ५ मिळून ८, १ आणि ३ मिळून ४. ८:४, म्हणजे २:१. चूक.

पहिल्या कॅनचे ४ भाग आहेत, दुसऱ्याचे ८. कॅन सारखेच आहेत, म्हणजे पहिल्याचा ‘एक भाग’ दुसऱ्याच्या ‘एका भागा’च्या दुप्पट मोठा आहे. वेगवेगळ्या मापांची बेरीज करून चालत नाही. दोन्हींचे ८ भाग करून घ्या. पहिला होतो ६:२, दुसरा आहे ५:३. आता दूध ११ भाग, पाणी ५ भाग. उत्तर ११:५.

गंमत म्हणजे २:१ हे उत्तर एका परिस्थितीत बरोबर ठरतं. पहिल्या कॅनमध्ये ४ लिटर आणि दुसऱ्यात ८ लिटर मिश्रण असेल तेव्हा. म्हणजे गुणोत्तरांची थेट बेरीज करणारा नकळत असं धरून चाललेला असतो की दुसरा कॅन पहिल्याच्या दुप्पट आहे. प्रश्नात तसं म्हटलेलं नसतं.

कॅनची मापं लिटरमध्ये दिली असतील तर अजूनच सोपं. २० लिटर ४:१ चं आणि ३० लिटर ३:२ चं. दूध १६ आणि १८, मिळून ३४. पाणी ४ आणि १२, मिळून १६. प्रमाण १७:८. माप दिलंय तर लिटर काढा आणि बेरीज करा, ट्रिक शोधत बसू नका.

‘ॲलिगेशन’ची ट्रिक भास्कराचार्यांच्या पुस्तकात

क्लासमध्ये फळ्यावर गुणिलेच्या खुणेसारखी फुली काढून जी पद्धत शिकवतात तिला ॲलिगेशन म्हणतात. नाव इंग्रजी पुस्तकातून आलंय, त्यामुळे ती पद्धतही तिकडचीच, असं वाटतं.

उंबरमाळीवरून जाणारा हाच रेल्वेमार्ग कसारा घाट चढून नाशिक, मनमाड करत चाळीसगावला जातो. चाळीसगावजवळच्या पाटण इथे, पाटणादेवीच्या परिसरात, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्या ग्रंथांपैकी एक म्हणजे ११५० च्या सुमाराची ‘लीलावती’. तिच्यात मिश्रणांच्या हिशेबाचं स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचं नाव मिश्रक व्यवहार. त्यात व्याज आहे, हौद भरायला लागणारा वेळ आहे आणि सोनं वितळवून एकत्र करण्याची गणितं आहेत.

सोन्याची शुद्धता तेव्हा ‘वर्ण’ या मापात सांगत. शुद्ध सोनं १६ वर्णांचं. आता भास्कराचार्यांचा एक प्रश्न आपल्या शब्दांत असा: १६ वर्णाचं आणि १० वर्णाचं सोनं एकत्र वितळवलं तर १२ वर्णाचं सोनं झालं. दोन्ही किती किती घेतलं होतं?

त्यांनी दिलेला नियम वजाबाकीचा आहे. वरच्या वर्णातून मधला वजा करा: १६ उणे १२ म्हणजे ४. मधल्यातून खालचा वजा करा: १२ उणे १० म्हणजे २. आता अदलाबदल. पहिली वजाबाकी ही हलक्या सोन्याची मात्रा, दुसरी ही भारी सोन्याची. १६ वर्णाचं २ भाग आणि १० वर्णाचं ४ भाग, म्हणजे १:२. फळ्यावरची फुली हीच.

अदलाबदल का करायची? १६ वर्णाच्या प्रत्येक भागाकडे १२ च्या वर ४ जास्त आहेत. १० वर्णाच्या प्रत्येक भागाला १२ गाठायला २ कमी पडतात. एका भारी भागाचे ४ जास्तीचे दोन हलक्या भागांची प्रत्येकी २ ची तूट भरून काढतात. जास्तीचं आणि तुटीचं खातं शून्यावर येतं तेवढंच प्रमाण. हे एकदा डोक्यात बसलं की फुली काढायची गरज राहत नाही.

घाईत ही अदलाबदल उलटी होते. ती तपासायला दोन सेकंद पुरतात. मधली संख्या ज्याच्या जवळ, ते जास्त. १२ हे १६ पेक्षा १० च्या जवळ आहे, म्हणजे १० वर्णाचं सोनं जास्त असलंच पाहिजे. उत्तर २:१ आलं असेल तर फिरवा.

सोन्याच्या जागी दूध ठेवा. म्हशीचं दूध ६० रुपये लिटर, गायीचं ४८ रुपये. मिश्रणाचा भाव ५२ पडायला हवा. ६० उणे ५२ म्हणजे ८, ५२ उणे ४८ म्हणजे ४. म्हशीचं ४, गायीचं ८, म्हणजे १:२.

पुस्तकातलं पाणी फुकट असतं

याच पद्धतीने नफ्याचे प्रश्न सुटतात. एक दूधवाला ६० रुपये लिटरने दूध घेतो, त्यात पाणी मिसळतो आणि ६० रुपये लिटरनेच विकतो. तरी त्याला २० टक्के नफा होतो. दूध आणि पाण्याचं प्रमाण काय?

६० ला विकून २० टक्के नफा, म्हणजे मिश्रण त्याला लिटरमागे ५० रुपयांना पडलं. दुधाचा भाव ६०, पाण्याचा भाव ०, मधला ५०. ६० उणे ५० म्हणजे १०, हे पाणी. ५० उणे ० म्हणजे ५०, हे दूध. ५:१. पडताळा: ५ लिटर दुधाला ३०० रुपये लागले, १ लिटर पाणी घालून ६ लिटर झालं, ते ३६० ला विकलं. ६० रुपये नफा, म्हणजे २० टक्के.

पाण्याचा भाव शून्य धरायची ही सवय परीक्षेपुरतीच ठीक. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. गणिताच्या पुस्तकातल्या दूधवाल्याला हा प्रश्न कधी पडत नाही.

आता ते ४० लिटर

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ४ लिटर काढलं, ४ लिटर पाणी घातलं. पहिल्यांदा काढलं ते निव्वळ दूध होतं. कॅनमध्ये राहिलं ३६ लिटर दूध आणि ४ लिटर पाणी. दुसऱ्यांदा काढलेले ४ लिटर मात्र मिश्रणाचे होते. त्यात दूध ३.६ लिटर आणि पाणी ०.४ लिटर. म्हणून दूध ४ ने नाही, ३.६ ने कमी झालं आणि ३२.४ राहिलं. तिसऱ्यांदा काढलेल्यात दूध अजून कमी, ३.२४ लिटर. राहिलं २९.१६.

२८ उत्तर देणारा असं धरतो की प्रत्येक वेळी कॅनमधून फक्त दूधच बाहेर आलं. ढवळलेल्या कॅनमधून फक्त दूध काढता येत असतं तर भेसळीची चिंताच नसती.

इथे न बदलणारी गोष्ट कोणती? कॅनमधलं एकूण माप, ४० लिटर. ते दर फेरीला तेवढंच राहतं. आणि दर फेरीला कॅनमध्ये जे आहे त्याचा दहावा हिस्सा बाहेर जातो, म्हणजे दुधाचा नऊ दशांश हिस्सा मागे उरतो. तीन फेऱ्यांसाठी ४० ला तीनदा ०.९ ने गुणा. ३६, ३२.४, २९.१६. पुस्तकात याचं घातांकाचं सूत्र असतं, ते हेच आहे.

याच विचाराने उलटा प्रश्नही सुटतो आणि तो जास्त अवघड समजला जातो. एका भांड्यात दूध-पाणी ५:३ आहे. ८ लिटर मिश्रण काढून ८ लिटर पाणी घातलं, तर दोन्ही समान झाले. भांडं किती लिटरचं?

दुधाकडे बघा. आधी ते मिश्रणाच्या ५/८ होतं, आता १/२ आहे. १/२ ला ५/८ ने भागलं की ४/५ येतं. म्हणजे दुधाचा ४/५ हिस्सा उरला, १/५ गेला. दुधाचा १/५ गेला याचा अर्थ भांड्यातल्या मिश्रणाचा १/५ काढला. तो १/५ म्हणजे ८ लिटर. भांडं ४० लिटरचं. पडताळून बघायचं तर २५ लिटर दूध, १५ लिटर पाणी. ८ लिटरमध्ये ५ दूध आणि ३ पाणी गेलं. २० आणि १२ उरलं. ८ पाणी घातलं, २० आणि २०.

अशा प्रश्नात लक्ष नेहमी त्या द्रवावर ठेवायचं जो पुन्हा घातला जात नाही. पाणी बाहेरही जातं आणि आतही येतं, त्याचा हिशेब ठेवताना गोंधळ होतो. दूध फक्त बाहेर जातं.

डेअरीच्या काट्यावर हेच गणित पैशात

परीक्षेबाहेर हे गणित रोज सकाळी दूध संकलन केंद्रावर होतं. दुधाचा भाव लिटरवर ठरत असला तरी त्यामागे दोन आकडे असतात, फॅट आणि एसएनएफ. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात जे घन असतं ते: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला किमान ३४ रुपये लिटर दर जाहीर केला होता, तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधासाठी. आकडा खाली गेला की दर खाली जातो.

समजा घरातल्या एका गायीचं १२ लिटर दूध ४.२ फॅटचं आहे आणि दुसऱ्या दोघींचं १८ लिटर ३.२ चं. एकाच कॅनमध्ये ओतल्यावर फॅट किती लागेल? ४.२ आणि ३.२ ची सरासरी ३.७ अशी नाही धरायची, कारण मापं सारखी नाहीत. १२ ला ४.२ ने गुणलं की ५०.४, १८ ला ३.२ ने गुणलं की ५७.६. बेरीज १०८, भागिले ३० लिटर. ३.६. सरासरी काढताना लिटरचं वजन विसरलं तर डेअरीच्या पावतीवर उगाच संशय येतो.

पाणी मिसळलं की काय होतं? ९ लिटर दुधात १ लिटर पाणी घातलं तर सगळं दहातल्या नऊ हिश्श्यांवर येतं. ८.५ चं एसएनएफ ७.६५ होतं, फॅटही त्याच प्रमाणात उतरतं. नुसत्या लॅक्टोमीटरला मात्र चकवता येतं. साय काढली की दूध जड होतं आणि रीडिंग वर जातं, मग पाणी घातलं की ते पुन्हा जागेवर येतं. म्हणून प्रयोगशाळेत दुधाचा गोठणबिंदू बघतात. पाणी शून्य अंशाला गोठतं, गायीचं दूध साधारण उणे ०.५२ ते ०.५४ अंश सेल्सिअसला. पाणी मिसळलं की हा आकडा शून्याकडे सरकतो. चांगल्या दुधाचा ०.५४ धरला आणि नमुन्याचा ०.४८६ आला, तर फरक ०.०५४ चा, म्हणजे दहावा हिस्सा. दुधात १० टक्के पाणी. मिश्रणाचंच गणित, फक्त लिटरऐवजी तापमानात.

पिशवीतलं टोन्ड दूध हेही मिश्रणाच्या गणितातून निघालेलं आहे. मुंबईच्या दूध योजनेतले दारा खुरोडी यांच्या नावाशी टोन्ड दुधाची कल्पना जोडली जाते. १९६३ मध्ये त्यांना, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशीच्या दुधात फॅट भरपूर. टोन्ड दुधाला फॅट ३ टक्के आणि एसएनएफ ८.५ टक्के लागतं. ७ फॅटचं म्हशीचं दूध ३ फॅटवर आणायचं असेल तर ३ लिटर दुधाला फॅट नसलेलं ४ लिटर काहीतरी लागेल. ते ‘काहीतरी’ नुसतं पाणी असेल तर फॅट बरोबर ३ येईल, पण ९ चं एसएनएफ चारच्याही खाली जाईल. म्हणून पाण्याबरोबर साय काढलेल्या दुधाची पावडर घालतात. दुधात पाणी घालणं आणि दूध टोन्ड करणं यातला फरक हा एवढाच, पण तो आकड्यात मोजता येतो.

पाचास एक की चारास एक?

कोरोनाच्या काळात ग्रामपंचायतींपासून सोसायट्यांपर्यंत सगळीकडे सोडियम हायपोक्लोराइट फवारलं गेलं. जमीन, दारं, कठडे पुसण्यासाठी केंद्राच्या सूचनांमध्ये १ टक्क्याचं द्रावण सांगितलं होतं. कॅन मात्र अनेकदा ५ किंवा १० टक्क्यांचा मिळतो. (माणसांच्या अंगावर ते फवारू नका, असं आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये वेगळं सांगावं लागलं, ते सोडून देऊ.)

५ टक्क्यांचं १ टक्का करायचं तर १ लिटरमध्ये पाणी किती? बरेच जण ५ लिटर म्हणतात. औषध स्थिर आहे हे लक्षात घ्या. ते पाचपट पातळ व्हायला हवं, म्हणजे एकूण द्रावण ५ लिटर व्हायला हवं. त्यात १ लिटर मूळ आहेच. पाणी ४ लिटर. प्रमाण १:४. १० टक्क्यांच्या कॅनसाठी १:९.

‘पाचपट पातळ करा’ आणि ‘पाचपट पाणी घाला’ ही वाक्यं कानाला सारखी लागतात, पण अर्थ वेगळा. ५ लिटर पाणी घातलं तर द्रावण ०.८३ टक्क्यांचं होतं. फवारणीच्या पंपात औषध घालतानाही डब्यावर ‘प्रति लिटर पाण्यात’ लिहिलंय की ‘प्रति लिटर द्रावणात’, हे बघायला हवं. मात्रा मिलिलिटरची असेल तर फरक नगण्य, लिटरला लिटर मिसळताना मोठा. आणि हायपोक्लोराइटमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. त्याला कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही.

बेरीज जिथे चुकते

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: १ लिटर आणि १ लिटर मिळून २ लिटर. दूध आणि पाण्याला ते लागू पडतं. अल्कोहोल आणि पाण्याला नाही. ५० मिलि शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिलि पाणी एकत्र केलं तर १०० नाही, ९६-९७ मिलिच्या आसपास भरतं, कारण दोन्हींचे रेणू एकमेकांच्या मधल्या जागेत बसतात. म्हणून प्रयोगशाळेत अशा वेळी मापाऐवजी वजन घेतात. वजनाची बेरीज कधी चुकत नाही.

भरतीच्या पेपरात स्पिरिट आणि पाण्याचं मिश्रण आलं, तर तिथे मात्र सरळ बेरीजच धरायची. उत्तरपत्रिका तशीच तपासली जाते.